बाई वाळवंटात निघाल्या

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी वाळवंटात चालायला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती त्यांची नणंद, आणि सगळ्यात जास्त हसले ते त्यांचे विद्यार्थी. हसतील नाही तर काय करतील! जिचं अख्खं आयुष्य मोटारीत बसून गेलं, कोपऱ्यावरून पाव आणायचा तरी जिचा हात आधी गाडीच्या किल्लीकडे जातो, ती बाई म्हणे पाठीवर पिशवी टाकून पाच दिवस वाळू तुडवणार! नणंद म्हणाली, "अगं, वय काय, गुडघे काय, आणि ही कसली थेरं?" बाई म्हणाल्या, "ताई, गुडघे माझे आहेत. तुमचे उसने मागितले नाहीत मी."

बाई होत्याच तशा फटकळ. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या शिव्या खात गाडी शिकली होती. "अहो, क्लच आहे तो, झुरळ नाही! हळू सोडा!" हे वाक्य रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्यालाही ऐकू जायचं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आणि बाईंचा पाय कायम त्याच्यावर. समोर म्हैस येवो, ट्रक येवो, की शिकणाऱ्याला शिंक येवो, गाडी जागच्या जागी थांबायची. फक्त शेवटच्या धड्याला बाई बूट काढायच्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. "हे बघा, माझे पाय वर. आता ब्रेक तुमचा. चला." भल्याभल्यांना घाम फुटायचा, पण गाडी मात्र नीट परत यायची.

आता या वाळवंटाचं खूळ कुठून आलं, ते सांगायला हवं. बाईंचे यजमान भूगोल शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. एका सकाळी वर्गात नकाशा लावता लावता सरांचा उजवा हात लुळा पडला, पाय गेला आणि वाचाही गेली. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या उपचार केंद्रात महिनोन्‌महिने खेपा घातल्यावर पाय परत आला, हात थोडाफार आला आणि शब्द एकेक करून यायला लागले. बाई रोज गाडीतून न्यायच्या म्हणून हे जमलं. पण ज्यांच्या घरी गाडी नव्हती, न्यायला माणूस नव्हतं, ती माणसं घरीच पडून राहिली. अशांना आणायला केंद्राला एक गाडी हवी होती, चाकाची खुर्ची आत चढेल अशी. त्यासाठी पैसे उभे करायला ही वाळवंटातली पाच दिवसांची चाल होती. जो चालेल त्याने ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या. गाडीचा विषय निघाल्यावर बाई मागे राहतात होय? पहिलं नाव त्यांचंच.

हसले नाहीत ते एकटे सर. आयुष्यभर त्यांनी मुलांना वाळवंट शिकवलं होतं. वाऱ्याने टेकड्या कशा सरकतात, वाळू दिवसा भाजते आणि रात्री गार का पडते, सगळं. स्वतः मात्र वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "तू... जा. बघ. मला... सांग."

झालं. बाई कामाला लागल्या. गाडी स्कूलच्या दारात उभी आणि बाई पायी, हे दृश्य बघून शेजारचा टायरवाला दुकानातून बाहेर आला. "गाडी बंद पडली का हो?" "गाडी नाही, मी सुरू झालेय," बाई म्हणाल्या. सरांच्या जुन्या शाळेच्या मैदानावर लांब उडीचा वाळूचा खड्डा होता. सकाळी मुलं यायच्या आत बाई त्यात उतरायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. वाळूत पाय रुततो, पोटऱ्या बोंबलतात, आणि एवढं चालूनही माणूस तिथल्या तिथेच. पाठीवरच्या पिशवीत वजन म्हणून सरांनी आपले जाडजूड नकाशासंग्रह स्वतः काढून दिले. "अख्खं जग... आहे," ते म्हणाले. "पाडू नकोस." बूट एक नंबर मोठे घ्यायचे, उन्हात पाय सुजतात, हे कळल्यावर बाईंनी तसे घेतले आणि ते मऊ पडावेत म्हणून घरात भांडी घासतानाही घालून राहिल्या. टाचांना फोड आले, फुटले, वाळले. महिन्याभरात बाई अशा काही चालायला लागल्या की या चालीची पुढारी असलेल्या मुलीनेही मान डोलावली. ही मुलगी गिर्यारोहक होती. वय लहान, आवाज मोठा. सगळे तिला कॅप्टन म्हणायचे.

पायांचं जमलं होतं हो. अडलं होतं ते घरी.

पाच दिवस सरांचं काय करायचं? नणंदेचं उत्तर तयार होतं. "मी नेते त्याला माझ्याकडे. आणि खरं सांगू का, मग तिथेच राहू दे कायमचा. तू दिवसभर बाहेर, त्याचे हाल होतात." थोरली बहीण ती, धाकट्या भावावर जीव ओवाळून टाकणारी. पण तिच्या घरी सरांना अंथरुणातून उठू देत नसत. पाणीसुद्धा चमच्याने. बाई घरी आल्या आणि त्यांनी विषय काढला, तर सरांचा चेहरा उतरला. "ताई नको. ताई... भरवते." मग डाव्या हाताने छातीवर थाप मारून म्हणाले, "मी. घरी. एकटा."

बाईंनी गॅस, न्हाणीघर, रस्ता, सगळे धोके बोटांवर मोजून दाखवले. पण शब्द देऊन बसल्या. निघायच्या आधी एक मुक्कामाची सराव-चाल होती. त्या दिवशी सर एकटे राहतील. जमलं तर पुढचे पाच दिवसही एकटे. नाही जमलं, तर नणंदेकडे. नणंदेनेही हे मान्य केलं, कारण जमणार नाही याची तिला खात्रीच होती.

सराव-चालीच्या सकाळी बाईंनी काय काय करून ठेवलं ते विचारू नका. चहा थर्मासमध्ये, जेवण डब्यात, डब्यांची झाकणं सैल. उद्याच्या शर्टाची गुंडी न् गुंडी लावून ठेवलेली, फक्त डोक्यातून घालायचा. पावाला लोणीसुद्धा लावून ठेवलं. सर खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

शहराबाहेरच्या नदीच्या कोरड्या पात्रातून चाल होती. बाई पहिल्या फळीत. पण प्रत्येक विसाव्याला फोन. सरांना फोनवर बोलणं सगळ्यात अवघड जायचं. समोर माणूस दिसत नाही, हातवारे करता येत नाहीत, शब्द घशातच अडकतो. म्हणून ते फक्त "हं" म्हणायचे. बाई विचारायच्या, जेवलात? हं. गोळी घेतली? हं. दुपारी मुक्कामाच्या जागी पोचल्यावर बाईंनी परत फोन लावला, तर उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाईंच्या डोळ्यांसमोर सर न्हाणीघरात पडलेले होते, डोकं फुटलेलं होतं, आणि नणंद दारात उभी होती. पाण्याचे डबे घेऊन आलेल्या टेम्पोत बाई चढल्या आणि कॅप्टन हाका मारत असताना परत फिरल्या.

घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच सर भेटले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या कोपरात पाव. टेम्पोतून उडी मारून बाई जवळजवळ धावत गेल्या आणि भर रस्त्यात तोंडाचा पट्टा सुटला. "कुठे गेला होतात? फोन घरी ठेवून? एकटे? रस्ता ओलांडून? पाव ठेवला होता ना मी लोणी लावून! काही झालं असतं तर?"

"मला... ताजा..."

"ताजा पाव हवा होता, मग सांगायचं ना!"

सरांच्या कपाळाची शीर ताठ झाली. बोलायला लागले, की शब्द तोंडाशी यायच्या आत बाई तो काढून देत. गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला, त्याचीही पर्वा केली नाही.

"पाय," ते म्हणाले. "पाय... वर... घे!"

बाईंना कळलं. जन्मभर जे दुसऱ्यांना शिकवलं ते कोणी आपल्याच तोंडावर फेकून मारावं, याचा राग आला, आणि खरं असल्यामुळे जास्तच आला. घरापर्यंत बाई दोन पावलं पुढेच चालत राहिल्या. पण ताज्या पावाचा अर्धा तुकडा सरांनी त्यांच्या ताटात ठेवला, आणि बाईंनी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन स्कूलमध्ये आली. बाईंना खुर्ची देऊन स्वतः उभी राहिली. "बाई, तुमच्या पायांना तोड नाही. पण वाटेतून परत फिरणारा माणूस मी वाळवंटात नेऊ शकत नाही. तिथे फोन लागत नाही, टेम्पो येत नाही. एकासाठी सगळ्यांना थांबावं लागेल." बाई म्हणाल्या, "अजून एक संधी दे, पोरी." राहिलेल्यांसाठी पुढच्या आठवड्यात अजून एक चाल होती. फोन आधी कॅप्टनच्या ताब्यात द्यायचा, ही अट.

तो आठवडा म्हणजे काय सांगावं! वाळूच्या खड्ड्यात बाईंना कधी एवढा घाम आला नव्हता, जेवढा आपल्याच घरच्या सोफ्यावर आला. सर चहा करायचे आणि बाई सोफ्यावर मांडी घालून, हात मांडीखाली दाबून बसायच्या. गॅस पेटायला तीन काड्या. साखर ओट्यावर. दूध उतू. "अहो, जरा..." बाईंच्या तोंडून निघायचं, आणि सर नुसते वळून बघायचे. की बाईंचे हात पुन्हा मांडीखाली. शर्टाच्या गुंड्या लावायला सरांना इतका वेळ लागायचा की बाईंनी त्या वेळात अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं, मागच्या पानावरच्या जाहिरातींसकट. एकदा कप फुटला. बाई उठल्या नाहीत. सरांनी केरसुणी आणली, डाव्या हाताने काचा गोळा केल्या, एक राहिली ती रात्री बाईंच्याच पायात घुसली. "बघा!" बाई म्हणाल्या. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी चिडून त्यांच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्याही हसल्या. किती दिवसांनी हे घर हसत होतं!

दुसऱ्या चालीला बाई निघाल्या तेव्हा थर्मास रिकामा होता आणि डबे फळीवर. दारात फक्त म्हणाल्या, "येते." सर म्हणाले, "हं."

फोन कॅप्टनच्या पिशवीत गेला आणि बाई चालल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक विसाव्याला हात आपोआप खिशाकडे जायचा. त्या हाताला बाईंनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मुक्कामाला सगळे झोपले, बाई मात्र जाग्याच. पण सकाळी उठून बूट चढवले आणि नदीपात्राच्या शेवटपर्यंत गेल्या. कॅप्टनने फोन परत देताना हात पुढे केला. बाईंनी तो असा दाबला की पोर कळवळली.

घरी आल्या तेव्हा सर टेबलाशी बसले होते. शर्टाची एक गुंडी वरखाली, हनुवटीवर दाढीचा एक पट्टा तसाच. अंगठ्याला चटका बसलेला. पण घर शाबूत, आणि सरही. बाई समोर बसल्या. "कसं गेलं?"

सरांनी विचार केला. बाई थांबल्या.

"वाईट," सर म्हणाले. "एकटं... वाटलं. तुझा फोन... येईल म्हणून... बसलो. आला नाही. राग आला." मग जरा थांबून म्हणाले, "रागात... डोकं धुतलं. साबणाने."

बाई हसायला गेल्या आणि रडायलाच लागल्या. सरांना झटका आला तेव्हा रडल्या नव्हत्या, इस्पितळात नाही, केंद्रात नाही. आता मात्र बूटही न काढता टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. सरांनी त्यांना रडू दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. नणंद होती, दुसरं कोण असणार! बाईंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या सवयीने फोनकडे हात केला. सरांनी तो आधीच उचलला होता. पलीकडून नणंदेचा आवाज खणखणीत येत होता. "काय गं, झाली हौस? कधी येऊ न्यायला त्याला?"

"ताई," सर म्हणाले.

दोन वर्षांत भावाने फोनवर तिला हाक मारली नव्हती.

"ताई. ही... जातेय." सरांनी श्वास घेतला. "ही... वा..." शब्द अडकला. ओठ हलले, मान ताणली गेली, कपाळावर घाम आला. "वा..." बाईंना शब्द माहीत होता. जिभेवर होता त्यांच्या. नणंदेलाही माहीत असणार, पण कोण जाणे का, तीही गप्प राहिली. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि सरांकडे बघत राहिल्या. घड्याळाची टिकटिक चालू होती. खाली कोणीतरी गाडी सुरू केली, ती निघूनही गेली. बाईंनी तोंड उघडलं नाही.

"वाळवंटात," सर म्हणाले. "ही वाळवंटात जातेय, ताई. मी घरी आहे. तू... जेवायला ये. मी करतो."