यॉटवरची करकरणारी चप्पल

समुद्रातला पडका किल्ला बघायची हौस माझी. त्यासाठी लेकीनं मालवणला यॉट ठरवली. मी चढणार तोच बोटवाला म्हणाला, "आजोबा, चप्पल काढा. फळीवर ओरखडे पडतात."

माझी कोल्हापुरी चप्पल करकरली की गल्लीला कळतं कोण आलं ते. मी म्हटलं, "देवाच्या दारात काढतो. तुझी बोट काय देऊळ हाय व्हय?"

"आबा, चपलेपायी किल्ला बघायचा ऱ्हायला बघा," लेक वैतागली. मी धक्क्यावर बसूनच राहिलो. शेवटी बोटवाल्यानंच माझ्या दोन्ही पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. करकर गेली, पण चप्पल पायातच राहिली की!

शीड फुगलं. माडांच्या रांगा मागं पळायला लागल्या. मग पाण्यातनं काळी तटबंदी वर आली. जागोजागी ढासळलेली, तरी लाटा छातीवर घेत उभी. महाराजांचा किल्ला! मी वाकून पिशव्या सोडल्या, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि हात जोडले.

बोटवाला हसला. "काढलीत की, आजोबा!"

"तुझ्यासाठी न्हाय," मी म्हटलं, आणि परत येताना अनवाणीच पाय पसरून बसलो.