याच हातांनी

संस्कृत घेऊन बी.ए. झालेली मुलगी परक्यांची बेडपॅन धुते, हे आईच्या पचनी पडत नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही पडत नव्हते. वडील आजारी असताना महिनाभर त्यांच्या उशाशी बसून मी एका नर्सचे हात बघत होते. वडील गेले, आणि मी चालून आलेली शाळेतली नोकरी नाकारून नागपूरला नर्सिंगला नाव घातले. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. सुट्टीत कुहीला घरी गेले की आई दारातच अडवायची. "आधी न्हाऊन ये. आन् देवाले हात नको लावू." लहानपणापासून घरची पूजा मीच करत आले होते, म्हणून ते शब्द फार लागले. पुढे पुढे मलाही आपले हात विटाळलेलेच वाटू लागले. वसतिगृहातली देवाची तसबीर मी ट्रंकेत ठेवून दिली. दुसऱ्या वर्षी तर शिक्षण सोडण्याचा अर्जच लिहिला आणि ड्यूटी संपली की मेट्रनबाईंना द्यायचा म्हणून खिशात घालून वॉर्डात गेले.

तिथे उमरेडची एक म्हातारी होती, विणकराच्या घरची. मांडीचे हाड मोडलेले, पायाला वजन बांधलेले. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. हट्टी म्हणून सगळ्यांची बोलणी खात होती. त्या सकाळी मी तिला स्वच्छ केले, चादर बदलू लागले, तर पदराच्या गाठीत काहीतरी टणक लागले. पितळेचा रांगता बाळकृष्ण होता.

"त्याले आंघोळ नाही तं मी कशी जेवू वं बाई?" ती म्हणाली.

दोन दिवस सगळे तिला पोटाचे विचारत होते, देवाचे कोणी विचारलेच नाही. माझ्या तरी लक्षात यायला हवे होते. आमच्याकडेही देव न्हाल्याशिवाय पाने वाढत नसत.

मी म्हटले, "आजी, थांबा. आत्ताच तुमचं भांडं उचललंय. न्हाऊन येते."

म्हातारी चिडलीच. "साबणानं हात धुतले ना? मंग झालं. ज्या हातानं मले धुतलं, त्याच हातानं त्याले धू. मी घाणीत पडली होती तवा तू नाही म्हटलं का?"

मी वॉर्डातल्याच वाटीत बाळकृष्णाला आंघोळ घातली. कितीतरी महिन्यांनी मंत्र ओठांवर आले, अडखळत आले. मग तिने दूधभात खाल्ला. मी मात्र स्टोअरमध्ये जाऊन खूप रडले. अर्ज खिशातच राहिला आणि धोब्याकडे त्याचा लगदा झाला.

त्यानंतर मी अनेक वर्षे नोकरी केली. समोर येईल तो रोगी देवानेच पाठवला, एवढेच धरून चालले. आईच्या मनातले मात्र मी बदलू शकले नाही, आणि तो प्रयत्नही सोडून दिला.

शेवटी आई अंथरुणाला खिळली तेव्हा रजा घेऊन कुहीला गेले. एका सकाळी तिचे सगळे आवरून न्हाणीकडे निघाले, तर तिने हाक मारली.

"कुठं चालली? देव पारोसे आहेत. याच हातानं घाल त्यायले आंघोळ."

म्हातारीची गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती. मी साबणाने हात धुतले आणि देवघरापुढे बसले. इतक्या वर्षांनी आमच्या देवांना पाणी घातले, आणि मागायला काही उरलेच नाही.