गॉगल मागितला, चित्रकला गेली

मंगळवार, चोवीस जून. गारखेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापिकांच्या खोलीत हजर : त्या स्वतः, वर्गशिक्षिका, मी आणि सातवीतली माझी मुलगी. माझी मागणी एकच होती, तिला वर्गात गॉगल लावू द्यावा.

"हा कोणता रंग, बेटा?" मुख्याध्यापिकांनी पदर पुढं धरला. हे सगळेच विचारतात. लेकीला जन्मापासून एकही रंग दिसत नाही, पण रंगावाचून आमचं कधी अडलं नाही. मी सांगितलं, डोळ्यात उजेडात पाहणाऱ्या पेशी वेगळ्या, अंधारात पाहणाऱ्या वेगळ्या. रंग आणि बारीक अक्षर पहिल्या दाखवतात. हिच्या त्याच काम करत नाहीत. ती दिवसासुद्धा अंधारातल्या पेशींवर भागवते, आणि त्या उजेडात दिपून जातात. मग फळ्यावर नुसता झगझगाट.

"पण वर्गात गॉगल? पोरी म्हणतील, आली हिरॉइन," वर्गशिक्षिका हसल्या.

"आत्ता आंधळी म्हणतात, मॅडम. हिरॉइन चालेल," लेक म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी मान डोलावली, अर्जावर शेरा लिहिला आणि प्रत माझ्या हातात दिली. मी ती रिक्षात वाचली : 'रंग ओळखता येत नसल्याने चित्रकलेतून सूट.' गॉगलचा उल्लेखच नव्हता.

"मम्मी, पेन्सिलच्या चित्रात माझाच पहिला नंबर असतो," ती रडवेली होऊन म्हणाली. कागद न वाचताच आभार मानून आले, याचा मला जास्त संताप आला.

सूट रद्द करण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला, चित्रकला परत मिळाली. गॉगलची परवानगी अजून बाकी आहे.