फिशटँकमधलं पीक

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबा, म्हणजे माझे वडील, फुलंब्रीच्या शेतावरून आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटवर आले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी जायची भाषा सुरू केली. "इथं मला काम काय? बसून खायचं अन् लिफ्टनं खालीवर करायचं!" महिनाअखेरच्या रविवारी निघायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं. पण तेवढंच सांगायला गेलो की माझा आवाज चढायचा आणि भांडण व्हायचं.

मग तो राग मी हॉलमधल्या फिशटँकवर काढला. आतली झाडं पिवळी पडत होती. त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो घरीसुद्धा करता येतो. बाटलीत पाणी, साखर आणि चिमूटभर यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं आणि तो नळीतून टँकमध्ये जातो. शेंद्र्याच्या कंपनीत दिवसभर गॅसच्या लाइनी तपासणाऱ्या माणसाला यात काय अवघड! पण चार दिवसांत एक बुडबुडा निघेल तर शपथ. मी नळी बदलली, झाकण बदललं, यीस्ट विकणाऱ्या दुकानदाराला घरबसल्या शिव्या घातल्या.

आबा सोफ्यावरून सगळं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?"

"गिझरचं. चांगलं कडक."

"व्हय का! अरं, कढत दुधात इरजण घालतं का कुणी? मारलंस की त्याला."

एवढा शिकून दह्यात नापास! आबांनी स्वतः उठून पाणी कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, यीस्ट सोडलं आणि थंडीचे दिवस म्हणून बाटलीला आपला मफलर गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये त्यांचा फोन आला. "मिनटाला बत्तीस! बुडबुडे रं! लई जोरात!" समोर साहेब बसलेले असताना मी टाळी वाजवली.

ठरल्या रविवारी सकाळी गावाहून काकांचा फोन आला, न्यायला कधी येऊ म्हणून. आबा टँकसमोर खुर्ची टाकून बसले होते. एका झाडाला नवं पान फुटलं होतं.

"नाय जमायचं आता," ते काकांना म्हणाले. "पीक नुकतं उभं राहिलंय. अन् ह्या पोराला काय जमतंय?"

एरवी मी तिथंच भांडलो असतो. पण मला इतका आनंद झाला होता, की काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "खरंय, मला अजिबात जमत नाय!"