वाढत्या अंगाचे बाण

आमच्या घरात मला मापाचं असं काही मिळालंच नाही. बाबा प्रत्येक गोष्ट वाढत्या अंगाची घ्यायचे. शाळेचा फ्रॉक आणला की आई खालची पट्टी आत दुमडून टाचायची, दरवर्षी थोडी उसवायची, आणि फ्रॉक अंगाला नीट बसेपर्यंत पार विटलेला असायचा. बुटांचंही तेच. यंदा पुढे कापूस, पुढल्या वर्षी पाय. खोपटला एसटी डेपोच्या मागे आमच्या बिल्डिंगमधली सगळीच पोरं अशी ढगळ फिरायची, त्यामुळे मला त्यात वावगं वाटायचं नाही. गंमत म्हणजे हेच बाबा कंपनीत मालाची तपासणी करायचे आणि अर्ध्या सुताचा फरक दिसला तरी माल परत पाठवायचे. घरी आले की मात्र सगळं दोन बोटं मोठं.

नववीत असताना मी धनुर्विद्येच्या क्लासला जायला लागले. शाळेच्याच मैदानावर संध्याकाळी चालायचा. तिथे रिकर्व्ह धनुष्य शिकवायचे, म्हणजे ज्याच्या पात्यांची टोकं पुढे वळलेली असतात ते. मधली मूठ तीच ठेवून पात्या बदलल्या की ते जड किंवा हलकं होतं. दोरी ओढायला किती जोर लागतो ते पाउंडात सांगतात, आणि माझं होतं अगदी हलकं, पोरीबाळींचं. पात्यांना तिथे सगळे लिंब्स म्हणायचे. बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "लिंबं कशाला गं लागतात तिकडे?" मी घरभर हसत सुटले होते.

मला ते जमायला लागलं. उगाच नम्रपणा नको, चांगलंच जमायला लागलं. सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, जिल्ह्याच्या निवड चाचणीला हिला उतरवू, पण आता स्वतःचे बाण हवेत. वर नीट समजावलं. बाण सुटताना किंचित वाकतो आणि मुठीला वळसा घालून पुढे सरळ होतो. म्हणून धनुष्याचा जोर जेवढा, तेवढाच बाणाचा कडकपणा. जास्त कडक घेतला तर तो वाकतच नाही, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो. "लांबीला थोडे जास्त घ्या, मुलगी वाढतेय," सर म्हणाले, "पण कडकपणा आजच्या धनुष्याचाच घ्या."

बाबांनी त्यातलं 'मुलगी वाढतेय' एवढंच ऐकलं.

दुकानात दुकानदाराने तक्ता समोर ठेवला. बाबांनी चष्मा पुसून तो तपासला आणि माझ्या धनुष्याच्या रांगेवरून बोट खाली, खाली, पार जड धनुष्यांच्या रांगेत नेलं. "आज ना उद्या ही जड धनुष्य घेणारच ना? मग तेव्हा परत बाण घ्यायचे? एकदाच घेऊ, चांगले कडक." दुकानदार चुळबुळला, पण गिऱ्हाईकाशी कोण वाद घालतो. मीही काही बोलले नाही. मला स्वतःचे बाण मिळत होते, निळ्या पिसांचे, आणि मी हवेत होते. घरी आल्यावर बाबांनी बाण ठेवायची नळी उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकेक बाण दाखवला. स्वतःची चप्पल दोनदा शिवून घेतलेला माणूस. त्यांना एवढं हौसेने काही दाखवताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे बाण डावीकडे. मला वाटलं मीच चुकतेय. सरांनी एक बाण दोन्ही हातांत धरून वाकवून बघितला आणि मान हलवली. "हे तुझ्या धनुष्याचे नव्हेत. बाबांना सांग, बदलून आणा."

घरी गेले तर बाबा दारातच. "काय म्हणाले सर, बाण बघून?"

मी म्हटलं, "छान आहेत म्हणाले."

एवढंच. त्यानंतर कितीदा तरी मी मनात ते वाक्य बदलून बघितलंय. पण त्या दाराशी, त्या चेहऱ्यासमोर मी आजही दुसरं काही बोलू शकेन असं वाटत नाही, आणि त्याचीच मला जास्त चुटपुट लागते.

मग मी उलटं डोकं चालवलं. बाण बदलता येत नाहीत, तर धनुष्य बाणाच्या मापाचं करू. म्हणजे पायाला बूट नाही, तर बुटाला पाय. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला हे सुचणारच. सर तेव्हा गावी गेलेले. क्लासमधल्या एका मोठ्या ताईकडे जुन्या जड पात्या पडून होत्या. तिच्या मागे लागून मी त्या घेतल्या. ती म्हणाली, "झेपणार नाही गं तुला." मी म्हटलं, "झेपवते."

आणि खरं सांगते, बाण सरळ गेले. दोरी ओढताना खांद्यातून कळ जायची, पण सोडला की बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात. तो आठवडा म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी आठवडा. इतकी वर्षं झाली, लग्न झालं, कोपर स्टेशनजवळ संसार थाटला, नोकरीत वर चढले, पण तसं पुन्हा काही वाटलं नाही.

चाचणीच्या तोंडावर दोरी ओढताना उजव्या खांद्यात काहीतरी चटकन झालं. हात वरच जाईना. घरी सांगितलं, झोपेत अवघडलाय; गावाहून परतलेल्या सरांनाही तेच. आईने शेक दिला, गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम आणि विश्रांती. चाचणी गेली. हात थोडा सुधारला, पण दोरी ओढण्याजोगा राहिला नाही. बाबांनी विचारलं, क्लासला का जात नाहीस? मी म्हटलं, कंटाळा आला.

तेव्हापासून मी आरंभशूर. बाबांनी तो शब्द माझ्या नावापुढे पदवीसारखा लावला. शिवणाचा क्लास अर्धवट सोडला, आरंभशूर. मला बघायला आलेल्या मंडळींसमोरसुद्धा, "हुशार आहे हो, पण जरा आरंभशूर." सगळे हसले, मीही हसले. आत चरचरायचं. तोंडाशी यायचं की बाबा, खांद्याचं निमित्त तुमचे बाण होते. पण मग वाटायचं, जाऊ दे, एकाला बोचतंय तेवढं पुरे, दोघांना कशाला.

बाबा आता माझ्या भावाकडे घोडबंदर रोडला असतात, एकविसाव्या मजल्यावर. मध्यंतरी त्यांचा फोन आला, "जरा येऊन जा." जाम ट्रॅफिकमधून वैतागत पोचले. माझी भाची सोसायटीतल्या मुलींबरोबर धनुर्विद्या शिकायला लागली होती. बाबा म्हणाले असणार, नवे बाण कशाला, आपल्याकडे आहेत. ती नळी त्यांनी जपून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. ती घेऊन ते नातीबरोबर गेले. तिथल्या कोचने एक बाण वाकवून बघितला आणि म्हणाला, "आजोबा, हिच्या धनुष्याला हे कडक आहेत. सगळे डावीकडे जातील."

बाबा मला हे सांगत होते आणि नळी त्यांच्या मांडीवर होती. "तुझं धनुष्यही असंच हलकं होतं ना?"

"असेल. आठवत नाही."

"तुझे डावीकडे जायचे?"

"नाही हो बाबा. मला कंटाळा आला होता."

त्यांनी नळीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "बरं. ही नळी ठेव वर, कपाटावर."

मी नळी घेतली आणि टाचा उचलून कपाटावर सरकवली. डाव्या हाताने. वरचं काहीही मी डाव्यानेच करते, कधीपासून ते माझं मलाही जाणवत नाही. वळले तर बाबा माझ्या हाताकडे बघत होते, कंपनीत माल बघायचे तसे.

"उजवा जात नाही वर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जातो की." आणि वर केला. कानापर्यंत गेला, तिथे थांबला.

निघताना भाची दाखवायला आली, आजोबांनी तिला नव्या चपला घेतल्या होत्या. मी वाकून बघितलं. टाचेशी टाच, बोटाशी बोट, अगदी मापाच्या. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

त्या दिवसापासून त्यांनी मला आरंभशूर म्हटलेलं नाही. मी मुद्दाम सांगून पाहिलं, बाबा, योगाचा क्लास सोडला हो. नुसतं "हं" म्हणाले. एकदा म्हणावं त्यांनी आरंभशूर, पूर्वीसारखं, चारचौघांत.