पाठमोरी खुर्ची

पावर हाउस भागातल्या दवाखान्यात कान तपासायला माझ्या आधी एका गृहस्थांचा नंबर होता. खुर्सीपार वस्तीतले, पोलाद प्लान्टच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. नाव मी विचारलं नाही. चाल अशी, जणू ड्यूटीवर निघालेत.

काचेच्या खोलीत हेडफोन चढवून ते बाहेर मशीनपाशी बसलेल्या बाईंकडे तोंड करून बसले. आवाज आला की बटण दाबायचं होतं, आणि ते बेधडक दाबत गेले. बाईंना शंका आली. त्यांनी आवाज न सोडताच मशीनवर नुसतं बोट टेकवलं. यांनी तरीही बटण दाबलं.

बाईंनी हसून त्यांना थोडा वेळ बाहेर बसवलं. मीही प्लान्टचाच, मला नवल वाटलं नाही.

"मिलमध्ये कानानं कोण ऐकते, भाऊ?" ते म्हणाले. "आमी सारं डोयानंच ऐकलं. ओठ हालले, हात हालला, का समजलं." बोलताना त्यांची नजर माझ्या ओठांवरच होती.

"मंग आता काहून आले?" मी सावकाश विचारलं.

"घरवाली गॅसपाशी उभी राहून बोलते. पाठ माह्याकडे. रिटायर झालो तं मले वाटे, हिनं बोलणंच सोडलं."

बाईंनी पुन्हा बोलावलं. आत जाताच यांनी स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता लावा, म्याडम," म्हणाले आणि बटणावर अंगठा ठेवून ताठ बसले. बराच वेळ तो अंगठा हलला नाही. मग हलला.

माझा नंबर आला तेव्हा खुर्ची भिंतीकडेच होती. मी ती तशीच राहू दिली.