कॅप्टनसाहेबांची पायतपासणी

आता कार्ड टेकवलं की आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं दार उघडतं. कंपनी नवी होती तेव्हा तिथे रखवालदारांचे प्रमुख म्हणून लष्करातले एक निवृत्त कॅप्टनसाहेब असत. जरा जास्तच ताठ चालायचे. सकाळी पाळी बदलली की रखवालदारांना ओळीनं बसवून बूट-मोजे काढायला लावायचे आणि एकेकाचे तळवे बघायचे. फोड दिसला, की त्याला त्या दिवशी बसून काम. आम्ही काचेआडून हसायचो.

एकदा मीच नव्या बुटांमुळे लंगडत आलो.

"अहो, तुमचा पगार डोक्याचा आहे हे ठाऊक आहे," ते म्हणाले, "पण ते डोकं इथवर पायच आणतात ना? बसा. काढा बूट." पट्टी त्यांनीच लावली.

लढाईत त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "कागदावर लिहिलंय. वाचता येतं ना?"

खडकवासल्याच्या सहलीत सगळे पाण्यात पाय सोडून बसले, हे मात्र बूट घालून काठावर. मी त्यांना आग्रह करायला उठलो, तेव्हा एका वयस्कर रखवालदारानं माझा हात धरला. तो लढाईत त्यांच्याच तुकडीत होता.

"डावा पाय नकली हाय त्यांचा," तो हळूच म्हणाला. "टेकडी चढताना सुरुंगानं नेला. तरी टेकडी घेईपातुर मागं फिरलं न्हाईत, रांगत वर आलं. आन् वर आल्यावर पयलं काय केलं, तर आमाला बूट काढायला लावून आमचं पाय बघितलं."